एडनला न गेलेले झगे

शरणप्पाच्या बापानं नळदुर्गात निजामाच्या अंमलदारांच्या शेरवान्या शिवल्या. गळपट्टी ताठ बसवावी ती त्यानंच, असं तालुक्यात बोललं जायचं. पुढं संस्थान विलीन झालं. अंमलदार गेले, कुणी हैदराबादला, कुणी त्याच्याही पलीकडं, आणि त्यांच्या मागोमाग शेरवानीही गेली. नवे कारकून-मामलेदार आले ते बुशकोट घालून, आणि तेही सोलापुरात शिवलेले. म्हाताऱ्यानं ते मनाला लावून घेतलं आणि खंगत खंगत एक दिवस संपला. शरणप्पाच्या वाट्याला बाजारपेठेतलं अरुंद दुकान आलं, मशिनी आल्या आणि कुणब्यांच्या बंड्या-चोळ्या आल्या. हातात बापाचीच कला होती, पण ती दाखवायला गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

एकसष्ट सालच्या दसऱ्याला वीरप्पा आला. हा चन्नम्माचा, म्हणजे शरणप्पाच्या बायकोचा, लांबचा चुलतभाऊ. सोलापुरात अडत चालवायचा. त्यानं पिशवीतून एक कपडा काढून अंथरला. पांढराशुभ्र, घोट्यापर्यंत लांब, गळ्याशी बारीक काजं. मुंबईची एक पेढी असले झगे शिवून घ्यायची आणि जहाजानं अरबस्तानात, एडनला धाडायची. तिकडची माणसं हेच घालतात, म्हणाला. बघायला जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शरणप्पा हसला नाही. त्यानं शिवण उलटी करून पाहिली, नखानं टीप चाचपली आणि एवढंच म्हणाला, "ह्याच्याहून चांगला करून दाखवतो."

आणि त्यानं करून दाखवला. पेढीनं पहिला माल घेतला, उन्हाळ्यात दुसरा घेतला. बेतायचं काम शरणप्पाचं, आणि काजं-बटणं, हातशिलाई गल्लीतल्या बायकांची. चन्नम्मानं एकेकीला शेजारी बसवून शिकवलं. ज्या बायका शेंगा फोडून बोटं सोलून घेत होत्या, त्या आता ओसरीवर बसून बारीक टाके घालू लागल्या. दुपारी त्या ओसरीवरून कानडी-मराठीची सरमिसळ चाले, आणि एडन म्हणजे सोलापूरच्या पुढं किती, यावर वाद होई.

त्याच वर्षी पावसाळ्यात पेढीनं रमजान ईदसाठी मोठा माल मागितला. अट एकच. कार्तिकात एक जहाज सुटणार होतं. त्यावर माल चढला तर तो तिकडच्या दुकानांत वेळेवर पोचायचा. चुकला, तर पेढीला त्याचा उपयोग नव्हता. शरणप्पा हो म्हणाला. शिवणं त्याच्या हातात होतं आणि शिवण्यात तो कधी चुकला नव्हता. रस्ता, लॉरी, रेल्वे, जहाज यातलं काहीच आपल्या हातात नाही, हे त्या वेळी त्याच्या ध्यानातच आलं नाही. आजवर माल गेला होता, तसा आताही जाईल.

माल दिवाळीआधीच तयार झाला. झग्यांच्या घड्या घातल्या, गोणपाटात गाठी बांधल्या. आणि ऐन दिवाळीत पंचायतीच्या रेडिओवर लढाईच्या बातम्या यायला लागल्या. चीनचं सैन्य आत घुसलं होतं. आकाशकंदील लावायलाही कुणाला हुरूप राहिला नाही. चन्नम्मानं माहेरची नवी रजई जवानांसाठी देऊन टाकली. शरणप्पानं ती स्वतः नेऊन दिली.

ठरलेली लॉरी आली नाही. हमरस्त्यावर उभं राहून शरणप्पानं हात करावा आणि लॉऱ्या भरलेल्या निघून जाव्यात. ज्या थांबत, त्यांचे ड्रायव्हर सांगत की मालकानं गाडी सरकारी कामाला लावलीय, वाटेत काही घेता येत नाही. शेवटी त्यानं बैलगाड्या केल्या. सोलापूरला जाईपर्यंत तो गाठींवरच बसून राहिला. बैल चालत होते त्यांच्या चालीनं, आणि त्याचा जीव पुढं पळत होता.

मालधक्क्यावर गाठी उतरल्या आणि तिथंच पडल्या. रेल्वेच्या वाघिणी मिळत नव्हत्या. धान्याची पोती, कापसाचे गठ्ठे, हातमागाच्या चादरी, सगळ्यांचा माल थप्प्या लावून ठेवलेला, आणि मालक कारकुनाच्या खिडकीसमोर उभे. शरणप्पा रोज सकाळी तिथं जायचा. रोज तेच उत्तर. एक दिवस त्यानं हात जोडले, डोळ्यांत पाणी आणून जहाजाचं सांगितलं. कारकून काही वाईट माणूस नव्हता, जागरणानं त्याचे डोळे लाल झाले होते.

"मास्तर, तिकडं बर्फात पोरं उभी आहेत," तो म्हणाला. "त्यांच्या रजया आधी पाठवू का तुमचे झगे? तुम्हीच सांगा."

कारकुनाच्या जागी शरणप्पा असता तर त्यानंही रजयाच चढवल्या असत्या. रागवायला समोर कुणीतरी असतं तर माणसाला बरं वाटतं. इथं तेही नव्हतं. गाठींपाशी येऊन तो नुसता बसून राहिला.

वीरप्पानं मग खटपट करून एक लॉरी गाठली. ड्रायव्हर बंडप्पा अक्कलकोटकडचा होता. लॉरीत शेंगदाण्याची पेंड मुंबईला चालली होती. पेंडीवर गाठी टाकायला तो राजी झाला. जहाज सुटायला अजून अवकाश होता. शरणप्पा त्याच्याशेजारी बसला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

भिगवणच्या अलीकडं लॉरीच्या चाकावरचा कमानपाटा तुटला. गाडी एका अंगाला कलली ती कललीच. बंडप्पा पाटा आणायला दुसऱ्या गाडीत बसून पुण्याकडं गेला आणि शरणप्पा मालापाशी राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ढग भरून आले. कार्तिकात पाऊस येईल असं कुणाच्या मनात असतं? पण तो आला, वाऱ्यासकट. ताडपत्री एकच होती, ती पेंडीपुरती. गाठी पेंडीवर उंच रचलेल्या. शरणप्पानं वर चढून ताडपत्री ओढली, तर ती अर्ध्या गाठींनाच पुरली. अंगावरचं घोंगडं टाकलं, धोतर सोडून पसरलं, आणि मग उरलेल्या गाठींवर स्वतः आडवा पडला. माणूस असा किती माल झाकणार. पाणी त्याच्या पाठीवरून, कुशीवरून खाली झिरपत राहिलं. "शिवा, शिवा," एवढंच तो म्हणत होता.

बंडप्पा पाटा घेऊन आला तेव्हा शरणप्पाला ताप भरला होता. गाठी उघडून वाळवाव्या तर वेळ नव्हता. तशाच त्या मुंबईला पोचल्या.

जहाज आदल्या दिवशीच सुटलं होतं.

पेढीचे मुनीम म्हातारे होते, कच्छकडचे. त्यांनी शरणप्पाला बसवलं, चहा पाजला. मग एक गाठ सोडवली. ओल्या गोणपाटाचा तांबूस रंग पांढऱ्या कापडावर उतरला होता, वरच्या झग्यांवर जास्त, आत कमी. वासही लागला होता. मुनिमांनी एक झगा उलगडून उजेडात धरला. शिवण फार सुंदर आहे, म्हणाले. आणि पुन्हा जशीच्या तशी नीट घडी घालून तो गाठीत ठेवला. त्या घडीवरूनच ते माल घेणार नाहीत हे शरणप्पा ओळखून चुकला. झगा त्यांनी बाजूला टाकला असता तर चार शब्द बोलता आले असते.

तरी त्यानं विचारलं. पुढच्या जहाजात जागा नव्हती. एडनच्या दुकानदाराची तार आली होती, त्यानं दुसरीकडून माल घेतला होता. धुवून, इस्त्री करून देतो म्हटलं, तर मुनिमांनी मान हलवली. गोदामात ठेवून घ्या म्हटलं, तर तिथं पाऊल ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचाच माल अडला होता. शेवटी ते हळूच म्हणाले, "घरी घेऊन जा, भाई. इथं ठेवलात तर सडेल."

परतीच्या वाटेवर मात्र जागाच जागा होती. बंडप्पाची लॉरी रिकामीच चालली होती. ना पाटा तुटला, ना पाऊस आला. ज्या मालाला जायला वाट मिळाली नव्हती, तो माल बघता बघता नळदुर्गात येऊन पडला.

गल्लीतल्या बायका ओसरीवर जमल्या. गाठी त्यांनी दुरूनच बघितल्या. त्या आल्या तशा उठून गेल्या.

शरणप्पाचा ताप उतरला, पण माणूस उठेना. भिंतीकडं तोंड करून पडून राही. उठला की किल्ल्यात जाई आणि बंधाऱ्याच्या पाण्याकडं टक लावून बसे. चन्नम्मा काही काम काढून मागोमाग जाई, थोड्या अंतरावर बसे. घरी चला, असं म्हणायचंही तिला भय वाटे. वीरप्पानं झगे बाजारात काढून पाहिले. कोण घेणार? इथल्या माणसाला ना ती लांबी कामाची, ना ती तऱ्हा. दर्ग्याच्या मुजावरांनी एक घेतला, तोही शरणप्पाला बरं वाटावं म्हणून.

मग एका सकाळी धुळाप्पा धनगर दारात आला. त्याची आई गेली होती. दुकानं उघडली नव्हती आणि तिच्या अंगावर घालायला पांढरं कापड हवं होतं. शरणप्पा उठला. आतल्या गाठीतला एक बिनडागाचा झगा काढला, कात्रीच्या टोकानं त्याच्या शिवणी उसवल्या आणि ते कापड सरळ करून धुळाप्पाच्या हातावर ठेवलं. धुळाप्पा गेल्यावर तो दारातच खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. मुंबईहून आल्यापासून तो रडला नव्हता.

चन्नम्मा जवळ आली. तिनं दुसरा झगा मांडीवर घेतला आणि कात्री उचलली.

"काय करतीस?" त्यानं विचारलं.

"उसवते. झगा न्हाय खपत तर न्हाय खपत. कापड तर हाय. तुमी बेता, म्या उसवते."

"माझा हात चालंना, चन्ना."

"माझा तरी कुठं चालतोय," ती म्हणाली, आणि उसवत राहिली.

ते काम शिवण्याहून जड होतं. जी टीप त्यानं जीव ओतून घातली होती, ती उसवतही नव्हती. कापड फाटे, पण टाका सुटत नसे. डाग सोडून उरलेल्या तुकड्यांतून पोरांच्या लहान कुडत्या निघाल्या, उशांचे अभ्रे निघाले. सास्तूरच्या, माकणीच्या बाजारात शरणप्पा खाली गोणपाट अंथरून बसू लागला. ज्याच्या बापानं अंमलदारांच्या खांद्याचं माप घेतलं, तो आता पोरांच्या कुडत्या हातात उंचावून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होता. काही खपलं. पुष्कळसं चिंध्यांतच गेलं.

गल्लीतल्या बायका एकेक करून पुन्हा शेंगा फोडायला गेल्या. सगळ्यात बारीक टाका घालणारी गंगम्मा चन्नम्माकडं येऊन म्हणाली की सुई परत घेऊन ठेवा, घरात हरवंल. चन्नम्मानं घेतली नाही.

पेढीकडून पुन्हा विचारणा झाली नाही. वर्षभरानं शरणप्पानं एक मशीन दुकानात चन्नम्मासाठी ठेवली आणि स्वतः सोलापुरात एका मोठ्या कारखान्यात शिलाईला लागला. तिथं पोलिसांचे खाकी शर्ट व्हायचे. प्रत्येकाचं काम वाटलेलं. कुणी कॉलर, कुणी खिसा, कुणी काजं. पुरा शर्ट कुणाच्याच हातून उतरत नसे.

अमावस्येला तो एस.टी.नं घरी येई. जेवायला वाढताना चन्नम्मा विचारी, या महिन्यात काय शिवलं?

"बाह्या," तो म्हणे, आणि भाकरी मोडायला लागे.