वेंडेलच्या रेडिओतली खरखर

केंटकीच्या डोंगरात वेंडेल प्रेटरनं उभा जन्म कोळशाचा ट्रक हाकला. त्यातून हाती लागलं काय, तर मोडकी कंबर आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा जुना, अवजड सीबी रेडिओ, ट्रकवाल्यांचा बटन दाबून एकमेकांशी बोलायचा. एके काळी सकाळच्या कॉफीला खोऱ्यातले सगळे ट्रकवाले हवेत हजेरी लावत. खरं नाव कोणी घेत नसे. आता ‘तांबडा कोंबडा’, म्हणजे वेंडेल, आणि डोंगरापलीकडचा अर्लिस स्लोन, म्हणजे ‘म्हातारं खेचर’, एवढेच उरले होते. बायको गेल्यापासून अर्लिस फोन उचलत नसे. सकाळी रेडिओवर बोलला की समजायचं, गडी अजून आहे.

आणि नेमकी त्या रेडिओला खरखर लागली. तव्यावर बेकन तडतडावं तशी, एकसारखी. अर्लिस बोलायचा, पण एक शब्द कळत नसे.

वेंडेल आताशा सगळ्यालाच विटला होता, पण हे सोडून चालणार नव्हतं. त्यानं अँटेनाची वायर काढली, तर रेडिओ गप्प. म्हणजे रोग पेटीत नव्हता, बाहेरून येत होता. मग रेडिओ ट्रकच्या बॅटरीवर लावून त्यानं घराचा मेन स्विच पाडला. फ्रिज बंद, दिवे बंद, खरखर चालूच. “आपल्या घरातलं नाही,” त्यानं निकाल देऊन टाकला. त्याच्या बायकोचं, इमोजिनचं, ऑक्सिजनचं नवं मशीन वीज गेल्यावर आपल्या पोटातल्या बॅटरीवर चालतं, हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही. जिच्यावर बायकोचा श्वास चालतो, त्या वस्तूवर संशय तरी कोण घेणार?

मग तो छोटा ट्रान्झिस्टर कानाला लावून रस्त्यावरच्या विजेच्या खांबांखाली हिंडला. वीज कंपनीला शिव्या घातल्या. शेवटी अँटेनाच्या बुडाशी, खडकाळ जमिनीत, अर्थिंगची नवी सळई ठोकली. दोन दिवस वाकता येईना. पण दुसऱ्या सकाळी रेडिओ स्वच्छ!

“काय रे कोंबड्या, आज माणसासारखी उत्तरं देतोयस,” अर्लिस म्हणाला.

“सळई ठोकली लेका. कंबर गेली, पण खरखरही गेली.”

“कंबर होती कधी तुला?”

वेंडेल कितीतरी दिवसांनी हसला. रोज सकाळी अर्लिस तास तास बोलायचा, गुडघ्यांवर, कोंबड्यांवर, आणि मध्येच गेलेल्या बायकोवर. वेंडेल नुसता “हं” म्हणायचा. त्याला तेवढंच जमायचं.

आठवडाभरानं एका सकाळी अर्लिसनं असा काही विनोद सांगितला, की तो इमोजिनला ताबडतोब ऐकवावा म्हणून वेंडेल आत गेला. ती पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, ओणवी बसली होती. नाकात नळी होती. ओठ निळे पडले होते. मशीन बंद होतं.

“झालं बोलणं?” तिनं धापा टाकत विचारलं. “इतक्यात?”

त्यानं धडपडत बटन दाबलं. मशीन घुरघुरलं आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून खरखर ऐकू आली. वेंडेलनं मशीनकडे पाहिलं.

“कधीपासून हे?”

“सळई ठोकलीस त्याच्या दुसऱ्या सकाळी मशीनची जाळी धुवायला ते बंद केलं होतं, तेव्हा कळलं,” ती म्हणाली. “तू सळई ठोकून एवढा खूश होतास. म्हटलं, रोज तुमचं बोलणं होईपर्यंत बंदच राहू दे.”

“वेडी आहेस का गं? जीव गेला असता!”

“अर्लिसला तुझ्याशिवाय कोण आहे, वेंडेल? आणि तुला तरी?”

त्याचा राग कुठल्या कुठे गेला. तिच्या ओठांवर रंग येईपर्यंत तो तिचा हात धरून बसला. मग दार ओढून घेऊन स्वयंपाकघरात आला. खरखरीखाली अर्लिस काहीतरी बोलत होता. त्याचं थांबल्यासारखं वाटल्यावर वेंडेलनं माइक उचलला.

“अर्लिस, यापुढे मला तुझं काही कळणार नाही. माझं तुला कळेल. आहेस एवढं समजायला नुसतं माइकचं बटन दाबत जा, तू दाबलंस की इथली खरखर जरा दबते.”

खरखर क्षणभर दबली. पुन्हा उसळली.

आता बोलायचं वेंडेललाच होतं. त्यानं बंद दाराकडे पाहिलं. आत मशीन चालू होतं, तिला ऐकू जाणार नव्हतं.

“इमोजिन फार दिवसांची नाही रे,” तो म्हणाला. “हे मी अजून कुणाला बोललो नव्हतो.”

त्यानं माइकचं बटन सोडलं. खरखर दबली आणि बराच वेळ दबलेलीच राहिली. पलीकडे अर्लिसनं बटन दाबून धरलं होतं.