वासावर भाजलेले मफिन

माझ्या वहिनीने जन्मात कधी घड्याळ बघून मफिन भाजले नाहीत. साचा ओव्हनमध्ये सरकवायचा, समोर बसायचं आणि कुणाची तरी उणीदुणी काढता काढता मधेच उठायचं. "झाले." आणि खरंच झालेले असायचे, वरून सोनेरी, आतून लुसलुशीत. सगळा कारभार नाकावर. केळीसुद्धा ती देठाशी हुंगायची, "उद्या दुपारी," म्हणायची आणि उद्या दुपारीच कुस्करायला घ्यायची.

मी म्हणायचे, "पोलिसांचं एक चांगलं कुत्रं वाया गेलं."

"तुमच्या भावाच्या सिगारेटी कुणी पकडल्या, वन्सं?" ती म्हणायची.

भाऊ गेल्यापासून ती एकटी राहते, बरोबर माझ्या वरच्या मजल्यावर. मुलगा दुसऱ्या शहरात. त्याने बजावून ठेवलंय, "आई, एक जरी घोटाळा झाला ना, तर उचलून घेऊन जाणार तुला. आणि माझ्याकडे ओव्हन नाही." गमतीत म्हणाला, पण त्या दिवशी ती जेवली नाही.

गेल्या थंडीत ती आठवडाभर तापाने पडली होती. उठली ती थेट ओव्हनपाशी. पहिली खेप बुडाला काळी. मी विचारलं, "मफिन की कोळसे?" ती हसली. पुढच्या खेपेला तर घास घेताच जीभ चुरचुरली. केळी आंबून गेली होती, नुसता दारूसारखा भपका, आणि ही समोर बसून निवांत खात होती. तळमजल्यावरचा दातांचा डॉक्टर म्हणाला, "काकू, आज चढणार वाटतं." मीही त्याच्या सुरात सूर मिसळला. चेष्टा करायची सवय वाईट. समोरच्याचा चेहरा बघायचा राहून जातो.

परवा पिकलेले पेअर घेऊन वर गेले. दार ढकललं आणि गॅसच्या वासाने डोकं गरगरलं. खिडक्या बंद. वहिनी ओव्हनसमोर वाकलेली, हातात लायटर, अंगठा खटक्यावर.

"वहिनी, हात खाली घे," मी म्हटलं. आवाज इतका शांत निघाला की माझं मलाच नवल वाटलं.

"का हो? बटण फिरवलं आणि तेवढ्यात मुलाचा फोन आला. बसले बोलत. आता पेटवतेय."

मी लायटर काढून घेतला, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. ती गोंधळून माझ्याकडे बघत होती.

"तुला वास येत नाहीये?"

ती स्टुलावर बसली. पदराशी चाळा करत म्हणाली, "तापात गेला. कशाचाच येत नाही. ना साबणाचा, ना फिनेलचा. डॉक्टर म्हणतात, येतो कधीकधी परत."

"आणि नाही आला तर?"

"त्याला सांगू नका, वन्सं. मी जपून करीन."

मी कबूल केलं. अट एकच, ओव्हन पेटवायचा तो मी समोर असताना. लायटर माझ्या पर्समध्ये टाकला. "जेलर आहात नुसत्या," ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो.

काल सकाळी अकराला भाजी निवडत होते. खिडकीतून वास आला. पेअरचा, लोण्याचा, साखर भाजत आल्याचा. एरवी मी ताटली घेऊन जिना चढले असते. काल भाजी तशीच टाकून उठले. लायटर अजून माझ्याच पर्समध्ये होता. म्हणजे हिने काडेपेटी आणली.

धापा टाकत वर पोचले. तिने हसत दार उघडलं. "रागावू नका. खिडकी उघडी ठेवूनच केलंय. खाऊन तर बघा."

मी तिथेच उभ्याउभ्या खाल्ला. इतका छान मफिन तिने वर्षभरात केला नव्हता. मी तसं सांगितलं तर तिचे डोळे भरून आले.

"उद्या खालच्या दातांच्या डॉक्टरसाठी करते," ती म्हणाली. "तुम्ही कशाला सारख्या जिना चढता? जमतंय मला."

मी खाली आले आणि भाच्याला फोन लावला.

"बोल आत्या. आईने मफिन दिले की नाही?"

"दिले," मी म्हटलं. "तू आज निघू शकतोस का?"