नलूताई एकदाच खोटं बोलल्या

नलूताई गेल्याचं मला कल्याणच्या एका दवाखान्यात कळलं. मी औषध कंपनीचा प्रतिनिधी; मांडीवर बॅग घेऊन डॉक्टरांच्या बोलावण्याची वाट पाहत बसलो होतो. शेजारचा दुसऱ्या कंपनीचा माणूस सहज म्हणाला, "भिवंडीच्या त्या मेडिकलवाल्या बाई गेल्या, कळलं ना?" तेवढ्यात बोलावणं आलं. मी आत गेलो आणि नेहमीचं पाठ केलेलं सगळं बोललो... त्याला आता पाच आठवडे झाले.

भिवंडीत कापडाच्या लूमच्या खडखडाटात ताईंचं औषधांचं दुकान होतं. नवरा गेल्यावर परीक्षा देऊन त्यांनी लायसन्स स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मी दिसलो की म्हणायच्या, "या टायवाले. आज कोणाला महाग पडणार?" क्षयाची आमची लाल कॅप्सूल खरोखरच महाग होती. पूर्वी पेटंट ज्याचं, औषध त्यानंच करायचं. मग कायदा बदलला. हक्क औषधावर न राहता ते बनवण्याच्या रीतीवर राहिला, आणि एका छोट्या देशी कारखान्यानं वेगळ्या रीतीनं तीच कॅप्सूल निम्म्याहून कमी किमतीत आणली. ताईंनी ती लगेच ठेवली. "तुमच्या साहेबांनी ती रीत आधीच वाटली असती, तर माझी किती गिऱ्हाइकं आज हिंडती-फिरती असती रे," त्या एकदा म्हणाल्या. ती चेष्टा नव्हती. मी बॅगेचा पट्टा नीट करत राहिलो.

जवळच्या दिघाशी गावचा काशिनाथ लूमवर कामाला होता. त्याला ही देशी कॅप्सूल सुरू होती. एका दुपारी तो दुकानात आला तेव्हा ताई मागच्या खोलीत जेवत होत्या आणि मी बाहेर बाकावर होतो. त्यानं हळूच विचारलं, "साहेब, ही स्वस्तातली गोळी खातोय तवापासून लघवीला लाल व्हतंय. रगत हाय का? तुमच्या कंपनीच्या गोळीनं असं व्हतं काय?"

होतं. अगदी तसंच होतं. तो रंग औषधाचाच असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे मला पुरतं ठाऊक होतं. मी म्हणालो, "आमच्या गोळीबद्दल कुणाची तक्रार नाही बुवा." वाक्य खोटं नव्हतं... म्हणूनच ते मला इतकं सहज सुचलं.

तो गेला तो परत आलाच नाही. आमची गोळी परवडत नव्हती आणि स्वस्तातली घ्यायला तो भीत होता. सहा आठवड्यांनी ताईंना बाजारात त्याची बायको भेटली. 'कंपनीवाले साहेब' काहीसं म्हणाले तेव्हापासून त्यानं गोळी सोडली, एवढं तिनं सांगितलं. ताईंनी मला विचारलं, "तू होतास का तो?" मी हो म्हणालो. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मी सांगून आले, त्याला पटत नाही. टाय तू घालतोस ना? मग तूच चल."

एसटीनं दिघाशीला गेलो. काशिनाथ ओट्यावर पडून होता; मला पाहून उठायला त्याला बायकोचा हात लागला. मी सांगितलं, औषध एकच आहे, रंग दोन्हींनी येतो. त्यानं विचारलं, "मंग तवा का न्हाय बोललात?"

ताईच म्हणाल्या, "त्याला ठाऊक नव्हतं रे तेव्हा. नवीन आहे तो."

माझ्या नोकरीला बारा वर्षं झाली होती. परतीच्या वाटेवर मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही बोलले. तुझ्यावरचा विश्वास उडाला असता, तर त्यानं गोळी घेतली असती का?"

काशिनाथ वाचला. पण एक फुफ्फुस कायमचं अधू झालं, लूमवरची ड्युटी सुटली. ताईंच्या तेराव्याला तो आला होता. मी त्याला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "ताई बोलल्या तेच मी धरून चालतो," आणि जाऊन पंगतीत बसला.

दुकान आता ताईंची पुतणी चालवते. दिघाशीहून आल्यापासून ताई त्या कॅप्सूलच्या प्रत्येक पाकिटावर स्वतःच्या हातानं लिहायच्या, 'लघवी लाल होईल. घाबरू नये.' त्यांनी लिहून ठेवलेली पाकिटं परवा संपली. पुतणीनं कोरा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "काका, तुमचं अक्षर बरं आहे." मी बाकावर बसून ताईंची दोन वाक्यं लिहिली, आणि प्रत्येक पाकिटावर त्यांच्याखाली आणखी एक... 'गोळी कोणत्याही कंपनीची असो.'