दही मोडलं की गाडी नापास

गॅरेजातले किस्से जमवावे लागत नाहीत. साडीला ऑईलचा डाग लागतो तसे ते लागतात, आणि कितीही धुतलं तरी जात नाहीत. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये लच्छूशेठचं गॅरेज होतं. बसायला कुठल्याशा भंगारात गेलेल्या गाडीची मागची सीट, भिंतीला टेकवलेली. त्या सीटवर मी एक अख्खा उन्हाळा काढला. येणारे-जाणारे विचारायचे, "आंटी, किसका वेट कर रहे हो?" मी म्हणायची, "गाडीचा. तुम्ही?"

कारण सांगते. आमचे हे अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि आम्ही तिथलाच बुवापाडा सोडून बदलापूरला, सोनिवलीत फ्लॅट घेतला. पण यांचा जीव बुवापाड्यातच. रविवारी तिथल्या विहारात वंदना हेच घ्यायचे. मग मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता फिरा, माणसांत जा. मी यांना आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीत बसवून निघाले. अर्ध्या वाटेत हादऱ्यांनी यांचा चेहरा गाडीपेक्षा पांढरा! "कमल, गाडी फिरव."

त्यानंतर हे खाली उतरलेच नाहीत. खिडकीत बसून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघायचे. माणूस बरा झाला होता आणि संपत चालला होता. मी ठरवलं, यांचा मणका बदलता येत नाही, पण गाडीचा तर येतो!

*

पहिल्या दिवशी लच्छूशेठने गाडीकडे बघायच्या आधी माझ्या मागे बघितलं.

"ताई, साहब को भेजो ना. गाडी की बात है, उनसे कर लेंगे."

"साहेबांना स्टेपनी कुठे असते तेही ठाऊक नाही. गाडी मी चालवते."

"आप चलाती हो?"

"नाही, बदलापूरहून ढकलत आणलीये!"

एका गाडीखाली झोपलेला मेकॅनिक शकील इतका हसला, की त्याचं डोकं वर आपटलं.

मी सातवी पास. पुढचं सगळं माझं मीच शिकले. पन्नाशी उलटल्यावर ड्रायव्हिंग शिकले, आणि गाडीचं इंग्रजी मॅन्युअल डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. ते मॅन्युअल मी पिशवीतून काढून शेठच्या टेबलावर ठेवलं. शेठने ते चाळलं, मिटलं आणि बाहेर हाक मारली, "अरे, साहब के लिए चाय लाओ!" तेव्हापासून त्या गॅरेजात साहब म्हणजे मी.

*

मग पुण्याहून मिलिंदचा, आमच्या मुलाचा फोन आला. "आई, स्प्रिंगमध्ये रबराचे बफर टाकून घे. सगळे टाकतात."

टाकले. गाडी उचलली, अगदी उंट! पण स्प्रिंगने दबायचं ज्या फटीत, तीच फट आम्ही रबराने बुजवली होती. मग ती दबणार कुठे? प्रत्येक खड्डा थेट माझ्या कमरेत. गाडी उंच दिसली की लोकांना वाटतं आता ती मऊ चालेल. माणसांच्या बाबतीतही आपण हेच धरून चालतो.

चार दिवसांत बफर काढले. मिलिंद नाराज. "का गं? गाडी काय मस्त दिसत होती!"

"हो ना. बाहेरून बघणाऱ्याला फार आराम मिळत होता!"

*

गॅरेजात दिवस मोडायचा, म्हणून डबा न्यायची. एकदा चांगलं घट्ट लागलेलं दही मागच्या सीटवर ठेवून नेलं. गॅरेजात डबा उघडला तर पाणी वेगळं आणि दह्याचे तुकडे वेगळे.

शकील डोकावला. "आंटी, घर से दही निकला था. रास्ते में छास हो गया."

तो जेवायला बसला, मी मात्र त्या डब्याकडेच बघत राहिले. शेठ म्हणणार, गाडी मक्खन चलती है. मुलगा म्हणणार, मस्त. यांना विचारलं तर हे काहीच म्हणणार नाहीत. हादरे मोजायला पाणी भरून ठेवावं, तर ते ब्रेकनेही सांडतं आणि वळणानेही. झाकणबंद डब्यातलं दही मात्र हादऱ्यानेच मोडतं. आणि ते कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही.

त्या दिवसापासून माझा नियम ठरला. हे बसायचे नेमक्या त्याच जागी दह्याचा डबा, आणि बदलापूर ते कॅम्प एक. गाडी पास तर गॅरेजला दही, नापास तर ताक.

मे महिना होता. गाडी रोज नापास होत होती. शेठ तिसरा ग्लास संपवून म्हणाला, "साहब, गर्मी बहुत है. इसको थोड़े दिन और फेल होने दो!"

*

एकदा शकील सुट्टीवर होता. मी नुसती बसले होते, तेव्हा गाडीच्या दाराआड एक स्टिकर दिसला. त्यावर टायरमध्ये किती हवा हवी तो आकडा. पंपवाला तर 'जास्त भरली की जास्त टिकते' म्हणून टायर दगड करून द्यायचा! स्टिकरवर होती तेवढीच हवा ठेवली. निम्मे हादरे तिथेच गेले, फुकटात.

शेठचं तोंड उतरलं. "साहब, ये किसी को बताना नहीं. हम खाएँगे क्या?"

"दही खा!"

*

उरलेल्या निम्म्याचं मूळ शकीलने गाडी वर चढवून दाखवलं. शॉकअप तेल गाळून मेलेले, सांध्यांतल्या बुशचं रबर वाळून तडकलेलं. त्याने गाडीचा एक कोपरा दाबून सोडला. गाडी खालीवर, खालीवर, थांबेचना.

"देखो आंटी, खड्डा स्प्रिंग झेलती है. पर झेलके उछलती रहती है. शॉकअप उसको बोलता है, हो गया, अब बस कर."

मला एकदम आमचे हे दिसले, खिडकीतले. ऑपरेशनचा खड्डा कधीच मागे पडला होता. यांना 'झालं, आता बस' म्हणणारं आत काही उरलं नव्हतं.

शॉकअप नवे घातले, बुश नवे घातले. शकीलने आधीच बजावलं, "नरम डालूँगा तो मोड़ पे झुकेगी. लोग हँसेंगे."

"हसू देत. वळणावर मी कुठे शर्यत लावणार आहे?"

दुसऱ्या दिवशी गॅरेजात डबा उघडला. दह्यात चमचा उभा राहिला! शकीलने टाळी दिली. शेठने वाटीभर दही खाल्लं आणि उसासा टाकला, "अच्छा है. पर छास की बात अलग थी."

*

घरी येऊन मी यांना डबा दाखवला. "बघा, जराही मोडलं नाही."

यांनी नीट बघितलं आणि म्हणाले, "दह्याला मणका नसतो, कमल."

रविवारी सकाळी सवयीने दह्याचा डबा घेतला, खाली जाऊन गाडीत बसले आणि एकदाच हॉर्न दिला. बराच वेळ गेला. मग जिन्यात काठीचा आवाज. हे आले, पांढरा सदरा घालून. मागच्या सीटवरचा डबा उचलून त्यांनी मांडीवर घेतला आणि बसले. "चल."

अंबरनाथपर्यंत गाडी नाव चालावी तशी आली. बुवापाड्याकडे वळले आणि ब्रेकच दाबला. पाइपलाइनसाठी सगळा रस्ता खणून ठेवलेला! पहिल्या गिअरमध्ये, खडी चुकवत निघाले. एक चर चुकवता आला नाही. चाक आत गेलं, धाडकन. माझे दात वाजले.

"लागलं?"

"नाही."

पुन्हा धाडकन.

"अहो, फिरवू का गाडी?"

"पुढे बघून चालव."

विहाराच्या दारात त्यांचे जुने कारखान्यातले सोबती उभे होते. "जय भीम! जय भीम!" हे स्वतःच उतरले. गाडीच्या दाराला धरून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग डबा गाडीच्या टपावर ठेवून त्यांनी झाकण उघडलं. मी खांद्यावरून डोकावले. पाणी वेगळं, तुकडे वेगळे.

"उद्याच लच्छूशेठकडे नेते गाडी," मी म्हणाले.

यांनी झाकण लावलं आणि तळव्याने गच्च दाबलं.

"दही घट्ट आहे," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी मोठ्या डब्यात लाव. इथे माणसं बरीच आहेत."

आणि चपला काढून आत गेले.