चोख वाटणीतला तवा

तुला म्हणून सांगते, हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. आणि आधीच बजावते, तुला हसू येईल. मलाही येतं. पण हसून झाल्यावर जे उरतं ना, ते सांगायचंय.

माझा घटस्फोट मस्कतच्या मराठी मंडळींत फेमस आहे. खरंच! आरडाओरडा नाही, वकिलांकडे खेटे नाहीत. कुणाचं बिनसलं की बायका माझ्याकडे येतात – मेधा, तुम्ही सामान कसं वाटलंत गं? मग मी चहा टाकते आणि शहाणपणा शिकवते. एकाने वाटे लावायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. नवरा सुहास मालवणचा, तिथे मासळी अशीच वाटून घेतात, सासूबाईंनी सांगितलेलं. लावणारा झक मारत सारखे लावतो, कारण उरलेला त्याच्या पदरात.

मस्कतच्या वादी कबीर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या गालिच्यावर, वाटे मी लावले. फ्रिजसमोर वॉशिंग मशीन, मिक्सरसमोर इस्त्री. सोफ्याला जोड सापडेना, तेव्हा त्याच्यासमोर टीव्ही आणि वर कुकर! इतके हसलो आम्ही त्या दिवशी – संसारात तेवढे हसलो असतो तर... जाऊ दे.

वाटे सारखे होते ना? होते की. जे मांडलं होतं, ते अगदी सारखं होतं.

मांडला नव्हता तो बिडाचा तवा. सासूबाईंचा. म्हणजे सुहासचाच. त्या गेल्यावर मालवणच्या घरातून त्याने तेवढी एकच वस्तू उचलली होती. विमानाच्या वजनात बसेना, तर पठ्ठ्याने बॅगेतले बूट काढून तिथेच ठेवले आणि मस्कतला आठवडाभर ऑफिसात सँडल घालून गेला. पण घावणे करायचे मी. मी पुण्याची, सुरुवातीला नुसत्या चिंध्या व्हायच्या. मग हळूहळू त्या तव्यावर हात बसला, जाळीदार घावणे अलगद सुटायला लागले. आणि तवा माझाच आहे असं मला वाटायला लागलं.

वाटणीच्या आदल्या संध्याकाळी मी तो साड्यांच्या बॅगेत घातला. पैठणीखाली. तिच्यावर तेलाचा हा एवढा गोल डाग पडला – कुणी विचारलं की म्हणते, लग्नात भजी सांडली.

वाटा उचलायच्या आधी सुहासने विचारलंच, "आईचा तवा कुठाय?"

हवाय मला, एवढंच म्हणायचं होतं ना? मागितला असता तर त्याने दिलाही असता. कदाचित. त्या 'कदाचित'लाच घाबरले मी. त्याआधी काही दिवस त्याने तापलेला तवा नळाखाली धरला होता, मी ओरडले होते – तेच आठवलं. म्हटलं, "तडकला तो. तू पाणी ओतलंस ना, तेव्हाच. टाकून दिला मी."

किती पटकन आलं तोंडात!

तो म्हणाला, "सॉरी, मेधा." मला सॉरी! आईचा तवा आपल्या हातून गेला म्हणून. आणि मी काय केलं? "जाऊ दे रे, होतं असं," म्हणून त्याला माफ केलं. मोठ्या मनाने.

"खलास," म्हणत त्याने फ्रिजचा वाटा उचलला.

आता तो तिकडे सूर शहरात असतो, मी इथेच मस्कतच्या अल खौद भागात. शुक्रवारी फोन येतो – नॉनस्टिकवर घावणे फाटले गं. पीठ पातळ कर, मी सांगते. तेव्हा माझ्या तव्यावर चर्र वाजत असतं, म्हणून मी फोन घेऊन बाल्कनीत जाते.

गेल्या महिन्यात तो मालवणला जाऊन आला आणि थेट माझ्या दारात. हातात जड पिशवी. नवाकोरा बिडाचा तवा! दोन आणले होते, एक स्वतःला, एक मला. म्हणाला, "त्या तव्यात तुझाही वाटा होता. घालवला मी, मग भरून नको द्यायला?"

मी दार अर्धंच उघडलं होतं. आत ओट्यावर जुना तवा होता, गरम. नवा घेतला, थँक्यू म्हटलं. खाली नजर गेली तर त्याच्या पायांत सँडल.

आता माझ्याकडे दोन तवे आहेत. घावणे मी जुन्यावरच करते.