अक्कांचा पुरावा

आज वार कोणता, हे अक्का कधी एका माणसाच्या तोंडून घ्यायच्या नाहीत. मी "मंगळवार" म्हणालो की आधी स्वतःचा फोन बघायच्या, मग टेबलावरचा पेपर, आणि तेवढ्यानेही समाधान झालं नाही तर दारावरच्या वॉचमनला कन्नडमध्ये विचारायच्या. तिन्हीकडून तेच आलं की म्हणायच्या, "सरी. मंगळवार असेल." सरी म्हणजे ठीक. पण असेल! आहे असं नाहीच.

महादेवपुऱ्यातल्या आमच्या कंपनीत त्या टेस्टर होत्या, म्हणजे आम्ही केलेल्या कामातल्या चुका काढणं हेच त्यांचं काम. घराणं शिवकाळात इकडे कन्नड मुलखात आलेलं, राहणं जुन्या पेटेत, म्हणजे शहराच्या जुन्या बाजारभागात. मराठी बोलता बोलता मध्येच कन्नड शिरायचं आणि ठाण मांडून बसायचं. मी पुण्याहून नवा आलेला. पहिल्या दिवशी "मीपण मराठी हं" म्हणून लगट करायला गेलो, तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "असशील. काम दाखव."

काम होतं कॅलेंडरचं. वेब फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे आयत्या सांगाड्यात, महिन्याचे चौकोन आपोआप तयार व्हायचे आणि ज्याला जसे हवेत तसे बदलता यायचे. आठवडा रविवारपासून की सोमवारपासून, सुट्ट्या कोणत्या, रंग कोणता, सगळं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. गिऱ्हाईक म्हणजे एक डायलिसिस केंद्र. तिथली नर्स सकाळी कॅलेंडर उघडणार, आजचा रंगीत चौकोन दाबणार आणि आज कुणाकुणाची पाळी ते बघणार. मला वाटलं, हॅ, यात काय आहे! आठवड्यात उडवतो.

अक्कांनी त्यात एकतीस एप्रिल घालून बघितला. मग साध्या वर्षात एकोणतीस फेब्रुवारी घातला. "एवढा अविश्वास कशाला हो अक्का?" मी वैतागून विचारलं, तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. "अय्यो, माझीच तारीख खोटी आहे! शाळेत घालायला वय कमी पडत होतं, तर मास्तरांनी एक जून लिहून टाकलं. आमच्या अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एक जून! मी खरी जन्मले त्याच्या पुढच्या करगाला, चैत्र पौर्णिमेला. आता सांग, लिहिलेल्या तारखेवर मी कशी विश्वास ठेवू?"

करग म्हणजे पेटेतला मोठा उत्सव. पण कंपनीच्या कागदावर एक जूनच होता आणि त्याप्रमाणे अक्कांनी मेअखेर निवृत्त व्हायचं होतं. खऱ्या जन्मानुसार आणखी दहा महिने मिळाले असते. त्यांनी अर्ज केला, तर एचआरने जन्माचा पुरावा मागितला. आम्हाला उठता बसता "पुरावा?" विचारणाऱ्या अक्कांकडे स्वतःच्या जन्माचा पुरावा नव्हता. "आई होती तोवर तीच पुरावा होती," एवढंच म्हणाल्या.

शेवटी मॅनेजरने मधला मार्ग काढला: कॅलेंडर पास होईपर्यंत थांबा. त्यामुळे सगळ्या ऑफिसला ठाऊक झालं, अक्कांनी 'पास' लिहिलं की दुसऱ्या दिवसापासून अक्का घरी. आणि त्यांना घरी जायचं नव्हतं. एकट्याच राहायच्या. "घरी बसून मी संशय कुणावर घेऊ?" असं सगळ्यांना हसून विचारायच्या.

जूनमध्ये त्यांनी माझ्या नावावर पहिली चूक टाकली: 'आजच्या जागी काल दिसतो.' सोबत स्क्रीनचा फोटो. मी दहा वाजता ऑफिसात येऊन कॅलेंडर उघडलं, तर आजच्या जागी आजच. 'असं काही दिसत नाही' लिहून मी चूक परत पाठवली. दोन दिवसांनी तीच चूक पुन्हा, नवा फोटो. आठवड्याने तिसऱ्यांदा. मी पुण्याचा, चूक माझी असेल हे माझ्या मनातसुद्धा येईना.

मग मला एकेक दिसायला लागलं. अक्का वहीत काहीतरी लिहायच्या आणि मी जवळ गेलो की वही मिटायच्या. जेवणाच्या सुट्टीत मॅनेजरच्या केबिनमध्ये जायच्या. मी मनाशी पक्कं केलं, बाई मुक्काम वाढवायला खोट्या चुका काढतायत आणि त्यात माझी नोकरी कायम व्हायची राहतेय. एका दुपारी मी केबिनमध्ये जाऊन हे मॅनेजरला बोलून दाखवलं. बाहेर आलो तर अक्का दाराशेजारी पाण्याची बाटली भरत होत्या. ऐकलं की नाही, चेहऱ्यावरून काही कळेना.

त्याच आठवड्यात आई पुण्याहून यायची होती. गुरुवारी पहाटे यशवंतपूरला गाडी. मी माझ्याच कॅलेंडरमध्ये गुरुवारच्या चौकोनात 'आई' लिहून ठेवलं होतं. पाचला दहा कमी असताना प्लॅटफॉर्मवर उभा राहून फोनवर ते उघडलं, तर रंगीत चौकोन बुधवारवर! मी एक दिवस आधीच आलो की काय? कॉफीवाल्याला विचारलं, "गुरुवार," तो म्हणाला. पेपरच्या गठ्ठ्यावर वाकून तारीख वाचली. तरी एका हमालाला विचारलंच. मग गाडी आली, आई उतरली, आणि आम्ही ऑटोत बसल्यावर साडेपाचला तो चौकोन टुणकन गुरुवारवर गेला.

ऑटोतच मी अक्कांचे तिन्ही फोटो काढून बघितले. कोपऱ्यात वेळ होती: चार पन्नास, चार पंचावन्न, पाच दहा. पुरावा जोडलेला होता, मीच बघितला नव्हता. माझं कॅलेंडर 'आज' परदेशी घड्याळावरून घेत होतं, आपल्या साडेपाच तास मागून. त्यामुळे रोज पहाटे साडेपाचपर्यंत ते कालच दाखवायचं, आणि त्या गुरुवारपर्यंत साडेपाचच्या आधी मी आयुष्यात उठलो नव्हतो. केंद्राची पहिली पाळी पाचची होती. नर्सला कालची यादी दिसली असती आणि आजचा पेशंट दारातून परत गेला असता. मला घाम फुटला. आई विचारत होती, "बरं वाटत नाही का रे?"

दुरुस्ती चार ओळींची होती, दुपारीच झाली. अक्का फक्त "सरी, बघते" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजून पंधरा मिनिटांनी त्यांचा शेरा आला: 'पास.' आठवडाभर आणखी तपासत बसल्या असत्या तरी कुणी हूं का चूं केलं नसतं. एवढी राहायची ओढ होती त्यांना, आणि साधी दुपारपर्यंतसुद्धा थांबल्या नाहीत.

निरोपाच्या दिवशी मी त्यांच्या टेबलापाशी गेलो. "अक्का, मी मॅनेजरकडे तुमच्याबद्दल..."

"ऐकलं की! बाटली भरायला एवढा वेळ लागतो का?" ड्रॉवर आवरता आवरता त्या म्हणाल्या. "संशय घेतलास त्याचं काही नाही, मरी, पोरा. मी पण घेते. पण मी तुझी चूक काढली तेव्हा पुरावा जोडला. तू माझी काढलीस, तुझा पुरावा कुठे?"

त्यांनी ती वही माझ्या हातात ठेवली आणि पिशवी उचलून गेल्या. वहीत माझ्या नावाचं एक पान होतं. त्यावर लिहिलं होतं, 'मुलगा हुशार. पहाटे उठत नाही. पहाटेचं आपण बघायचं.'

आता मी फोटो आला की आधी कोपरा बघतो. माझ्या कॅलेंडरमध्ये एक नियमही घालून ठेवलाय: चैत्र पौर्णिमा शोधायची आणि त्या चौकोनात 'अक्का' लिहायचं. तारीख दर वर्षी वेगळी, पण चौकोन आपोआप भरतो. पुढच्या करगाला, म्हणजे खऱ्या जन्माने त्या निवृत्त झाल्या असत्या त्याच सुमाराला, मी पहाटे पाचला दहा कमी असताना त्यांना फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला.

"अक्का, वाढदिवसाच्या शुभेच्छा."

"तारीख कुठून घेतलीस?"

"कॅलेंडरवरून. मग पंचांग बघितलं. मग तुमच्या पेटेतल्या एका फुलवाल्याला विचारलं."

पलीकडे त्यांनी पुटपुटत तिन्ही मोजले.

"सरी," अक्का म्हणाल्या. "म्हणजे आज आहे."