शेवटच्या दावणीची बेरीज

दुष्काळात आमच्या दूध सोसायटीनं आष्टीच्या अलीकडे चारा छावणी उघडली, तेव्हा हिशेब ठेवणाऱ्या राधाकिशनचा मुक्काम पत्र्याच्या खोलीत पडला. बाहेर धुरळा आणि हंबरणं, आत एक जुना संगणक. काळ्या पडद्यावर तो एक ओळ टाईप करी, आणि साऱ्या छावणीतल्या जनावरांची बेरीज डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच समोर येई. त्या आज्ञेला ‘ऑक’ म्हणतात, हे त्यानं मला अनेकदा सांगितलं. माझ्या लेखी ती जादूच होती.

स्वभावानं गरीब, पण बेरजेबाबत ताठ. ‘‘माणूस चुकंल, हे चुकत न्हाई,’’ म्हणायचा. पत्रा तापायचा तरी खोलीबाहेर फिरकायचा नाही. त्याच्या आकड्यावर दुसऱ्या दिवशीच्या चाऱ्याचा ऊस मागवला जायचा आणि ड्रायव्हर रामहरी तो ट्रकमधून आणायचा.

एका सकाळी ऊस वाटता वाटता शेवटच्या दावणीपाशी संपला. भिवराबाईचे बैल रिकाम्या गव्हाणीत तोंड घालून उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. वजनकाटा तेव्हा बंद होता, त्यामुळे किती ऊस आला ते मोजलेलं नव्हतं. संगणक चुकत नाही, म्हणजे रामहरीनंच वाटेत ऊस विकला, असं चेअरमन भगवानरावांनी ठरवून टाकलं. चोर म्हणून त्याला कामावरून काढायला संध्याकाळी त्या पत्र्याच्या खोलीतच बैठक बोलावली. रामहरी ट्रकच्या चाकाशी टेकून बसला होता. मला त्याच्याकडे बघवेना.

बैठकीआधी राधाकिशननं सहज म्हणून जनावरांच्या दावणीवार याद्या उघडल्या. शेवटच्या दावणीची यादी दोन दिवसांपासून विमलबाई टाईप करत होत्या. बचत गटातल्या या बाईंनी जन्मभर लिहिले तसे मराठी आकडे लिहिले होते: ५, ८, १२. आकडे अगदी बरोबर. ऑकला मात्र इंग्रजीच आकडे कळत; हे त्याला आकडे वाटतच नव्हते. त्यानं कुरकूर न करता त्या साऱ्या ओळी शून्य धरल्या होत्या.

विमलबाईंवर ढकलून मोकळं होणं सोपं होतं. पण बैठकीत राधाकिशन उभा राहिला. ‘‘रामहरीनं काडीबी विकली न्हाई. बाईंनी बरूबर लिवलं. आपल्या लोकांचे आकडे मशिनीला शिकवायचं काम माझं, ते मी केलं न्हाई.’’ मग त्यानं सगळ्यांसमोर मराठीतल्या ५ आणि ८ यांची बेरीज करून दाखवली. पडद्यावर शून्य आलं.

भगवानराव खाली मान घालून बसले. दाराशी उभी असलेली भिवराबाई म्हणाली, ‘‘लेकरा, तुझ्या मशिनीत माझे बैल न्हाईत, ऱ्हाऊ दे. पर दावणीला हायेत की. दोन दिस उपाशी हंबरत व्हते. येकदा बाहेर येऊन बघितलं कावून न्हाई?’’

राधाकिशननं तिथंच मराठी आकडे आधी इंग्रजीत बदलून घेणारी एक ओळ वर जोडली. बेरीज पुरी आली. रामहरीची नोकरी वाचली, पण तो कितीतरी दिवस त्या खोलीची पायरी चढला नाही.

आणि एके दिवशी ट्रक लावून दारात आला. ‘‘उद्याला किती आणू?’’

आकडा पडद्यावर तयार होता. राधाकिशन उठला, पायात चपला सरकवल्या.

‘‘थांब,’’ म्हणाला, ‘‘शेवटच्या दावणीला बघून येतो.’’